शिफ्ट पाच वेळा

"मान वर! बोटांकडे काय बघतेस? बोटांना आपलं घर ठाऊक असतं."

तो आवाज तिच्या कानात आजही जसाच्या तसा आहे. ती तेव्हा आठ वर्षांची. शाळा सुटली की आई-बाबा कामावरून येईपर्यंत मावशीच्या टायपिंग क्लासात खिडकीच्या कट्ट्यावर पाय हलवत बसायचं, हा तिचा नेम. खोलीत बारा मशिनं. बारा मशिनांची टकटक म्हणजे पत्र्यावर गारा, आणि त्या गारांतून छत्रीबित्री न घेता फिरणारी मावशी. हातात लाकडी पट्टी. पण ती पट्टी कुणाच्या पाठीला कधी लागली नाही. एखाद्याची मान खाली गेली की पट्टी हळूच हनुवटीखाली यायची आणि मान उचलून धरायची. बस्स.

मग दिवस पालटले. मशिनं भंगारात गेली, क्लासला कुलूप लागलं. लोक म्हणाले, बाई आता घरी बसणार. बाईंनी पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर घेतला. माऊस हातात धरला, दोन मिनिटं इकडून तिकडे फिरवला आणि बाजूला ठेवून दिला. "दहा बोटं असताना ही अकरावी शेपटी कशाला?" त्या दिवसापासून मावशी एकेक शॉर्टकट पाठ करू लागली. पाठ राहावा म्हणून प्रत्येकावर दोन ओळी जुळवायची, वहीत उतरवायची आणि भाचीला चालीवर म्हणून दाखवायची. भाचीला ती चिमणी म्हणायची.

कंट्रोलाच्या संगे झेड, माझी सखी गुणाची,
चुकलेली वाट मोडी, लाज राखी मनाची.

चिमणी मोठी झाली आणि पूल काढू लागली. नदीवर, रुळांवर, दऱ्यांवर जे पूल उभे राहतात, त्यांची ड्रॉइंगं जिथं तयार होतात त्या ऑफिसात तिचं टेबल होतं, खिडकीपासून तिसरं. तिच्या टेबलावर माऊस नव्हता. नवा आणून ठेवला तरी आठवड्यात तो कपाटात जायचा. म्हणून ऑफिसनं तिचं नाव ठेवलं मांजर. घरी चिमणी, ऑफिसात मांजर. तिला दोन्ही नावांचा सारखाच तोरा होता.

त्या ऑफिसात एक रिवाज होता. कुणी स्क्रीनला कुलूप न लावता जागेवरून उठलं, की ते दार उघडं समजायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्या दाराशी एक थट्टा करावी. मात्र नियम कडक. फक्त बटणांनी करायची. कुणाच्या फाइलला हात लावायचा नाही. आणि जी एका फटक्यात परत फिरवता येत नाही, ती थट्टाच नव्हे. कुणाचे सगळे रंग उलटे व्हायचे, कुणाच्या पडद्यावर मुंगीचा हत्ती व्हायचा. प्लॉटरवर मोठमोठे कागद छापणाऱ्या काकू तर महिन्यातून चारदा सापडायच्या आणि चारही वेळा म्हणायच्या, "मेल्यांनो, चहासुद्धा सुखानं पिऊ देत नाही!"

मांजर सात वर्षांत एकदाही सापडली नव्हती. उठण्याआधी तिची दोन बोटं विंडोज आणि एल या बटणांवर आपोआप जायची आणि स्क्रीन मिटायची, पापणी मिटावी तशी. 'मांजरीचं दार उघडं बघितलं तर ऑफिसला पेढे' अशी पैज काकूंनी लावली होती. पैजेला सात वर्षं झाली, पेढे काही आले नाहीत.

आणि मग पाहुणे आले.

*

दोन खोऱ्यांना जोडणारा लांब पूल होणार होता. तो बांधणाऱ्या कंपनीनं आपला एक इंजिनियर तीन महिन्यांसाठी या ऑफिसात धाडला. एकेक ड्रॉइंग तपासायचं, लाल पेनानं चुका दाखवायच्या, आणि काम संपलं की थेट नदीवर जायचं. तीन महिन्यांचा माणूस, म्हणून सगळे त्याला पाहुणे म्हणू लागले. टेबल मिळालं तिच्या समोरचंच.

पहिल्याच दिवशी अकरा वाजता पाहुणे उठले, कप घेतला आणि चहाला गेले. स्क्रीन उघडी. सताड!

तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. उठली, त्यांच्या कीबोर्डवर तीन बोटं टेकवली आणि पुन्हा जागेवर येऊन बसली. मान ताठ, नजर स्वतःच्या कामात. समोर पाहुण्यांचा पूल आभाळातून खाली लोंबत होता, आणि खांब छताकडे पाय करून उभे होते.

पाहुणे आले. बघितलं. मान डावीकडे कलली, उजवीकडे कलली. ऑफिस श्वास रोखून बसलं. आता हे साहेबांकडे धावणार, नाहीतर वायर ओढणार…

पाहुणे खुर्चीत बसले, चहाचा घोट घेतला आणि उलट्या स्क्रीनवरच काम करू लागले!

पाच मिनिटं झाली. दहा झाली. तिलाच राहवेना.

"अहो… तुम्हाला काही वेगळं वाटत नाहीये का?"

"वाटतंय ना." त्यांनी मानही वर केली नाही. "इथले पूल फार हलके आहेत. हवेतच राहतात."

"कंट्रोल, आल्ट आणि वरचा बाण."

"असू दे हो. उलटं बघितलं की डोळ्यांची सवय मोडते, चुका लवकर सापडतात. फक्त…"

"फक्त काय?"

"फक्त सापडत नाहीयेत. कुणी काढलंय हे?"

"मी."

आता त्यांनी मान वर केली. हसले नाहीत, पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी लकाकलं, पाण्यावर ऊन हलावं तसं. "मग लाल पेनाचं टोपण काढायचं की नाही?"

"काढून बघा," ती म्हणाली. "वाळून जाईल."

*

पाहुणे रोज उघडं टाकून जायचे. सकाळी चहाला, दुपारी हात धुवायला, मध्येच एखादा फोन घ्यायला. आणि ती रोज त्या दारातून आत शिरायची. एकदा तिनं त्यांची सगळी अक्षरं एवढी मोठी केली की पडद्यावर एका वेळी एकच मावेल. पाहुणे परत येऊन म्हणाले, "आज चष्मा घरी विसरलो होतो. तुम्हाला कसं कळलं?" एकदा तिनं सगळ्या खिडक्या एका फटक्यात खाली बसवल्या. पाहुणे म्हणाले, "वा! टेबल आवरून दिलंत. खरं टेबलही आवराल का?" एकदा काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं झालं, तेव्हा तर ते तासभर तसेच बसून राहिले. "चांदण्यात काम केल्यासारखं वाटतंय," म्हणाले.

अशा माणसाला चिडवायचं तरी कसं?

"तुम्ही कधी उट्टं काढत नाही," ती एकदा म्हणाली.

"कुठून काढू? तुमचं दार कधी उघडं असतं?"

"सात वर्षांत नाही."

"बाप रे. कुणी शिकवलं एवढं?"

आणि तिनं सांगितलं. बारा मशिनं, लाकडी पट्टी, अकरावी शेपटी. मिनिटाला सत्तर शब्द, तेही खिडकीबाहेर बघत. सांगता सांगता तिची पाठ आपोआप ताठ होत गेली. पाहुण्यांनी ओळी म्हणून दाखवायला सांगितल्या, तेव्हा तिनं आढेवेढे न घेता म्हटल्या:

घर सोडून जाताना एल लावी कुलूप गं,
उघड्या दारी येणाऱ्यांचं उगा फावे खूप गं.

"म्हणजे माझ्या दारी तुमचं खूप फावतंय," पाहुणे म्हणाले.

"तुम्हीच फावू देताय."

"हो," ते म्हणाले आणि उगाच कागद चाळू लागले.

तिनंही उगाच कीबोर्ड पुसला. पुसता पुसता कुठलीतरी बटणं दाबली गेली आणि पाचव्या खांबाचा पाया नाहीसा झाला. कंट्रोल-झेड. आला परत. काळजातही असंच काहीसं हललं होतं, पण ते परत जागेवर बसेना. त्याला कुठलं बटण असतं, ते मावशीच्या वहीत नव्हतं.

*

दोन महिने सरले. लाल पेनाचं टोपण तिच्या ड्रॉइंगांवर एकदाही निघालं नाही. साहेबांनी हे सगळ्यांदेखत सांगितलं तेव्हा काकूंनी प्लॉटर थांबवून टाळ्या वाजवल्या. त्या भरात, अंगात वारं भरल्यासारखं झालेलं असताना, तिनं ठेवणीतली खोडी काढली. पाहुणे उठले तशी ती गेली आणि शिफ्टचं बटण पाच वेळा दाबलं. टुक! पडद्यावर चौकट आली, तिनं 'होय' म्हटलं. आता ज्यानं शिफ्ट दाबलं, कंट्रोल दाबलं, त्याचं बटण सोडल्यावरही दाबलेलंच राहणार. माणूस लिहायला जातो एक, होतं भलतंच. ऑफिसातली ही सगळ्यांत आवडती थट्टा.

पाहुणे आले. एक बटण दाबलं. टुक. त्यांचा हात तिथंच थांबला.

या वेळी विनोद आला नाही.

"हे बंद करू का?" ती जागेवरून म्हणाली. "दोन बटणं एकदम दाबलीत की आपोआप जातं."

"माहीत आहे." ते हळू बोलत होते, पण रागावलेले नव्हते. "एक विचारू? ही सोय मुळात कुणासाठी केलीय, ठाऊक आहे?"

शॉर्टकटांच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा ती म्हणाली, "नाही."

"माझे वडील शब्दकोडी करायचे," पाहुणे म्हणाले. "वर्तमानपत्राला. मग त्यांचा एक हात गेला. म्हणजे हात आहे, हलत नाही. दोन बटणं एकदम दाबायची तर दोन हात लागतात ना? तर हे लावलं की एक बटण दाबायचं आणि कॉम्प्युटर थांबतो. दुसरं दाबेपर्यंत वाट बघतो. कितीही वेळ. आमच्या घरी रोज संध्याकाळी हा आवाज यायचा… टुक… मग बराच वेळ काही नाही… मग टुक. बाबांचं कोडं चाललंय, एवढं कळायचं." ते जरासे हसले. "मघाशी एकदम घरी गेल्यासारखं झालं. बंद नका करू. आजचा दिवस राहू दे."

तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच एक घर आलं होतं.

मावशीच्या घरातला कॉम्प्युटर. त्यावर वर्षभर अंथरलेलं फुलाफुलांचं कापड.

"डोळ्यांना त्रास होतो गं आताशा," मावशी म्हणाली होती, आणि तिनं ते खरं मानलं होतं. डोळ्यांना त्रास होणारी बाई खिडकीतून समोरच्या दुकानाच्या पाटीवरच्या चुका वाचून दाखवायची! कप मात्र दोन्ही तळव्यांत धरायची. डब्याचं झाकण चिमणीकडे सरकवायची: "तू उघड, मला कंटाळा आलाय." बोटांच्या पेरांवर गाठी आल्या होत्या. त्या गाठी रोज दिसत होत्या आणि एक दिवसही दिसल्या नव्हत्या. ज्या बाईनं गावभरच्या बोटांना घर दाखवलं, ती आपल्या बोटांना घर सापडत नाही हे कोणत्या तोंडानं सांगणार?

आणि आपण? आपण हे बटण सात वर्षं दाबतोय. लोकांना हसवायला!

*

त्या संध्याकाळी ती चपला न काढताच मावशीच्या खोलीत गेली आणि कापड ओढून काढलं.

"अगं, अगं! धूळ उडतेय!"

"ये, बस."

"डोळे…"

"डोळ्यांचं राहू दे, मावशी."

मावशीनं हात पदराखाली घेतले. मग मावशीनं तोंड फिरवलं. "मला कुणी हात धरून शिकवायची वेळ आली होय?"

"मी कुठं हात धरतेय? मी कॉम्प्युटरला थांबायला सांगतेय." तिनं शिफ्ट पाच वेळा दाबलं. टुक. "एकेक करून दाब. तो थांबतो. तू थांबायचीस ना बारा जणांसाठी, पट्टी हनुवटीखाली धरून? तसाच."

बराच वेळ गेला. मग एक वाकडं बोट पदराखालून आलं. कंट्रोल. टुक. मावशी बटणांकडे टक लावून बघत राहिली, पाण्यात पाय घालू की नको असं करणाऱ्या पोरीसारखी.

चिमणीनं दोन बोटं मावशीच्या हनुवटीखाली धरली.

"मान वर, मावशी."

मावशी हसली. मग डोळे पुसले. मग पुन्हा हसली, आणि खिडकीबाहेर बघत, एका बोटानं, जुन्या ऐटीत टाइप करू लागली. अर्ध्या तासानं दोन ओळी झाल्या.

एकेक पाऊल टाक बाई, वाट कुठे पळते?
थांबून राहतो कंट्रोल माझा, बोट जेव्हा वळते.

"बघ," मावशी म्हणाली. आवाजात पुन्हा तो बारा मशिनांवर चढणारा सूर होता. "अजून आहे मी. कुणी सांगितलं गं तुला हे?"

"ऑफिसात एक पाहुणे आलेत."

"पाहुणे? आणि काम केलं घरच्या माणसाचं?" मावशीनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "जाणार कधी?"

"महिन्याअखेर. नदीवर. दोन वर्षं."

"त्याला सांगितलंस?"

"काय सांगायचंय?"

"माझे डोळे चांगले आहेत हे आत्ताच ठरलं ना आपलं?"

ती कीबोर्डच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "सांगितलं आणि… चुकलं तर? बोललेलं परत घेता येत नाही, मावशी."

मावशीनं झेडच्या बटणावर वाकडं बोट टेकवलं. "झेडच्या ओळी तुला मीच शिकवल्या. पण एक सांगायचं राहिलं. टाइपरायटरला झेड नव्हतं, चिमणे. उमटलं ते उमटलं. म्हणून तर मान वर ठेवून, नेमकं मारायचो आम्ही."

*

शेवटचा दिवस. दुपारी चारची गाडी. काकूंनी केक आणला, साहेबांनी दोन शब्द सांगतो म्हणून वीस मिनिटं घेतली. पाहुण्यांनी लाल पेन सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, "मांजरीच्या पूर्ण पुलावर टोपण निघालं नाही. असं माझ्या नोकरीत झालेलं नाही." सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ती टेबलाची कड घट्ट धरून उभी होती.

जागेवर येऊन तिनं कोरं पान उघडलं. एक ओळ लिहिली. कंट्रोल-झेड. दुसरी लिहिली. कंट्रोल-झेड. अकरा वेळा असं झालं. बाराव्यांदा लिहिलेली तशीच ठेवली, आणि उठली. दोन बोटं सवयीनं कुलपाकडे निघाली. तिनं ती मुठीत धरली, कप उचलला आणि वळून न बघता चहाच्या खोलीत गेली.

मागून काकूंचा आवाज आला, "अगंबाई! मांजरीचं दार उघडं!" आणि मग कुजबुज, आणि मग काहीच नाही.

चहा निवेपर्यंत ती तिथंच उभी होती. परत आली तेव्हा पाहुणे बॅगेचा पट्टा आवळत होते, काकू प्लॉटरमागून बघत होत्या. आणि तिची स्क्रीन मिटलेली होती. कुलूप लागलेलं.

म्हणजे वाचलं आणि… हेच उत्तर?

"माझी स्क्रीन कुणी बंद केली?"

"मी," पाहुणे म्हणाले. "काकू येतच होत्या. मी आधी पोचलो."

"का?"

"विसरलात असं वाटलं. सात वर्षांत एकदा नाही, आणि आजच… तुमचा तो मान माझ्या डोळ्यांदेखत जावा, हे मला बघवलं नसतं."

"वाचलं नाहीत?"

"दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावायचं नसतं. फाइलला हात लावायचा नाही, नियम आहे."

"तुम्ही मात्र तीन महिने रोज विसरत होतात!" तिचा आवाज चढला.

पाहुण्यांनी पट्टा सोडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, त्या न वापरलेल्या पेनासारख्या. "मी विसरत होतो असं वाटलं तुम्हाला? अहो, आधीच्या ऑफिसात मला कुलूपवाला म्हणायचे."

प्लॉटर थांबला. की काकूंनीच थांबवला, कोण जाणे.

"पहिल्या दिवशी मात्र खरंच विसरलो होतो," ते म्हणाले. "मग रोज चहाला जायचो… तुम्ही उठून माझ्या टेबलाशी याल म्हणून. एवढंच. आता उघडा ती स्क्रीन. वाचतो."

तिनं कीबोर्डवर हात ठेवले. बोटांना घर ठाऊक होतं, पासवर्डही ठाऊक होता. पण तिनं हात उचलून घेतले.

"नको. तिथलं खोडता येतं."

हनुवटीखाली कुठूनतरी एक लाकडी पट्टी आली, हलकेच. तिनं मान वर केली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"मी विसरले नव्हते. दार तुमच्यासाठीच उघडं ठेवलं होतं. मला तुम्ही आवडता… हे मी परत घेणार नाही. थांबा असं म्हणत नाहीये मी. माझ्या हातच्या रेघांवर तुम्ही पूल उभा करणार, त्याचा मला ताठा आहे. जा, बांधा. मी वाट बघेन, तुम्ही दुसरं बटण दाबेपर्यंत, कितीही वेळ. पण पूल झाला की त्याच्यावरून चालत या. आणि पाहुणे म्हणून येऊ नका. घरचे म्हणून या."